मालवण्याआधी एक हाक

"मेबल, नको! सोड ते!"

धावत सुटण्याआधी मी खिडकीतला प्लग उपसला, मग दारातून पळाले. मेबल ओल्या गवतात फतकल मारून बसली होती आणि नारिंगी वायर दोन्ही हातांनी ओढत होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली ही वायर सगळी बाग ओलांडून टोकाच्या शेडमध्ये शिरायची. मधला जोड पावाच्या पिशवीत गुंडाळलेला. त्या पिशवीत पाणी साचलं होतं.

शेडच्या दारात माझे सासरे उगवले. अंगभर भुसा.

"काय गं पोरी, लाइट गेली!"

"गेली नाही, मी घालवली. तुमची नात ओल्या वायरशी खेळतेय, क्लिफर्ड."

त्यांनी वायरीकडे बघितलं, मेबलकडे बघितलं. मग गुडघे कुरकुरवत खाली बसले. "आजोबाची शेपटी ओढतेस होय गं?" म्हणून त्यांनी तिला उचलून घेतलं. मेबल खदखदून हसली.

क्लिफर्डनी आयुष्यभर गावातली शाळा सांभाळली. शिकवायला नव्हे, बॉयलर, गळके नळ, फुटक्या काचा आणि संध्याकाळी सगळे दिवे मालवून कुलूप, हे त्यांचं काम. सासूबाई, ईडिथ, गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि येताना हत्यारांची पेटी तेवढी घेऊन आले. शेजारीपाजारी मोडक्या खुर्च्या आमच्या फाटकाशी ठेवून जातात. ते त्या उभ्या करून परत पाठवतात.

मला भीती वायरीची होती, पण तेवढीच नव्हती. मागच्या महिन्यात ते शेडमधला हीटर चालूच ठेवून जेवायला आले होते. हीटरवर त्यांचा ॲप्रन. नेथनला, माझ्या नवऱ्याला, धूर दिसला म्हणून निभावलं. क्लिफर्ड त्या जळक्या ॲप्रनकडे बघत म्हणाले, "हीटर कुणी लावला होता?" त्यात बहाणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

त्या संध्याकाळी टोस्ट आणि बीन्स खाताना मी बोलून टाकलं, "एक तर जमिनीतून नीट केबल टाकू, नाहीतर शेडला कुलूप लावू."

"कुलूपच लावा," टोस्टला लोणी फासत क्लिफर्ड म्हणाले. "फक्त मला आत ठेवून लावा."

नेथननं इलेक्ट्रिशियनला फोन केला.

ती इलेक्ट्रिशियन, बर्नी, आली ती हसतच. पन्नाशीची, ठणठणीत बाई. क्लिफर्डना बघताच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अजून जिवंत का हे?"

"तू उधळलेली चित्रकलेची खोली झाडून झाली नाही अजून. मरू कसा?"

"अगं राणी," बर्नी माझ्याकडे वळली, "त्याच खोलीत मी एकदा रुसून टेबलाखाली बसले होते. सगळी शाळा घरी गेली. रात्रभर अडकलेच असते. पण ह्यांची रीत होती, कुठल्याही खोलीचा दिवा मालवण्याआधी दारात उभं राहून ओरडायचं, 'कुणी आहे का आत?' आणि उत्तराला थांबायचं. रोज. सुट्टीतसुद्धा, रिकाम्या शाळेत!"

"रिकामी आहे हे विचारल्याशिवाय कसं कळणार?" क्लिफर्ड म्हणाले.

बापलेकांनी मिळून चर खणला. शेडकडे सरळ न जाता मध्येच चरानं वळसा घेतला, तेव्हा बर्नी वैतागली. "केबल काय फुकट मिळते?"

"तिथे ईडिथनं लावलेला रुबार्बचा वाफा आहे," क्लिफर्ड म्हणाले. वळणानंच केबल बसली, पोलादी तारांचं वेष्टण असलेली, मनगटासारखी टणक. तिच्यावर माती आणि मातीत एक पिवळी पट्टी, पुढे कधी कुणी खणलं तर त्याला सावध करायला.

मग बर्नी स्वयंपाकघरात आली. "शेडला घरातून एक मेन स्विच देतेय. कुठे बसवू?"

मी दोन दिवस ह्याच क्षणाची वाक्यं मनात घोळवत होते. तो स्विच माझ्या हाताखाली हवा हे तिला सांगायचं होतं, पण क्लिफर्डसमोर कसं सांगू? ते तर दारात उभे.

"किटलीशेजारी बसव," तेच म्हणाले. "मेबलचा हात पोचणार नाही इतका वर. आणि लाल दिवा असलेला दे. शेड चालू असली की हिला दिसायला हवं." त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "मी विसरतो हल्ली."

पाऊस येईलसं दिसतंय, असं म्हणावं तसं म्हणाले. बर्नी पिशवीत वाकून कितीतरी वेळ एक स्क्रू शोधत राहिली.

"एवढंच कर, पोरी," ते माझ्याकडे वळले. "मी आत असताना एकदम अंधार करू नकोस. आधी हाक मार."

त्या हिवाळ्यात आमच्याकडे तेच सुरू झालं. जेवण तयार झालं की मी दारातून ओरडायची, "कुणी आहे का आत?" बागेच्या टोकाहून उत्तर यायचं, "आहे, एक म्हातारा आहे!" आणि पाठोपाठ तो म्हातारा. मेबलसुद्धा शिकली. "कुनी आए का आत?" करत टेडीच्या खोक्यात डोकावायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. लाल दिवा चालूच. मेबलला नेथनच्या हातात दिलं आणि मी चपलांतच धावले.

शेडमध्ये लख्ख उजेड होता. हीटर बंद होता. मी आधी तोच बघितला. हत्यारं खिळ्यांवर टांगलेली. क्लिफर्ड एका दुरुस्त खुर्चीवर कोट-टोपी घालून बसले होते, हातात आमच्या घराच्या किल्ल्या.

"सगळे गेले?" त्यांनी विचारलं.

'तुम्ही घरी आहात, क्लिफर्ड,' अगदी जिभेवर आलं होतं.

"सगळे गेले," मी म्हणाले. "मीच शेवटची."

"मग चला, बाई. बंद करू या."

पोरीची मी शाळेतली बाई झाले होते. तिन्हीसांजेच्या गवतातून त्यांनी मला हात दिला, ओलं आहे, जपून म्हणाले आणि रुबार्बपाशी आपसूक वळसा घेतला.

स्वयंपाकघरात नेथन मेबलला घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोलू नकोस.

क्लिफर्डनी टोपी काढली. बोट स्विचवर ठेवलं. उघड्या दारातून पलीकडे शेडची उजळलेली खिडकी दिसत होती. तिकडे तोंड करून, शाळेभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक दिली,

"कुणी आहे का आत?"

आणि थांबले. लांबच्या वर्गात कुणी असेलच, तर दप्तर आवरून 'आले' म्हणायला जेवढा वेळ लागेल, तेवढं थांबले.

मग त्यांनी स्विच बंद केला.