वरच्या गाडीची शेवटची फेरी

साहेबांना शेवटच्या फेरीचं आमंत्रण मीच पाठवलं, आणि आईला पहिल्या डब्यात पुढच्या बाकावर बसवलं तेही मीच. यात योगायोग काडीचाही नव्हता.

शहराच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावणारी ही गाडी आता कायमची बंद होणार होती. खांबसुद्धा उपटायचे ठरले होते. खाली भुयारी गाडीच्या नव्या स्थानकाला साहेबांचं नाव देणार होते, कारण मोटरमन म्हणून लागलेला हा माणूस डेपोचा प्रमुख आणि पुढे सगळ्या भुयारी रेल्वेचा सर्वेसर्वा झाला. माझे बाबा त्यांच्या हाताखालचे मोटरमन. बाबांच्या वाट्याला रेल्वेच्या संग्रहालयात एक ओळ आली, अपघाताच्या फोटोखाली: ‘चालकाच्या हलगर्जीपणामुळे.’ त्याच संग्रहालयातर्फे मी या रुळांवर जुनी गाडी चालवते आणि लोकांना इतिहास सांगते. त्या ओळीवरून रोज फडकं फिरवताना माझं डोकं फिरतं. मला ती तिथून काढायची होती, आणि साहेबांच्याच तोंडानं.

जुन्या गाडीत मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागायची. हात सुटला की ब्रेक लागणार. चालकाला काही झालं तर गाडी थांबावी, म्हणून ही सोय. स्प्रिंग इतकी कडक की डेपोत तिला ‘सासू’ म्हणायचे. जरा हात ढिला पडला की बोंब. भुयारी गाडी आली, प्रवासी खाली पळाले, आणि वेळ गाठायला वरच्या गाडीचा जीव मेटाकुटीला आला. बाबा सांगायचे, तेव्हा साहेबांनीच सगळ्यांना मूठ रुमालानं बांधायला लावली, म्हणजे हात ढिला पडला तरी गाडी थांबायला नको. एका सकाळी बाबांना चक्कर आली. बांधलेली मूठ दबलेलीच राहिली, आणि वळणावर मागचा डबा खाली रस्त्यावर कोसळला. त्या डब्याच्या दारात माझा मामा ड्यूटीवर उभा होता. आईचा पाठचा भाऊ.

चौकशीत साहेब म्हणाले, ‘मी असं कधीच सांगितलं नाही.’ बाकीच्या मोटरमननी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि आई? ती बाबांना गरम जेवण वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, पण बोलायची नाही. बाबा जाईपर्यंत बोलली नाही.

फेरी सुरू झाली. मी माईकवरून इतिहास सांगत होते. आधी वाफेची इंजिनं होती, वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिणग्या पडायच्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून ड्रायव्हरचा उद्धार करायच्या. मग वीज आली. मग खाली भुयारं खणली. डब्यातले पाहुणे, पत्रकार खूश होते. साहेब माझ्या केबिनमध्ये आले, फोटोसाठी.

“पोरी, जरा मला दे की. हात शिवशिवतायत.”

“घ्या ना, साहेब. गाडी तुमचीच आहे,” मी म्हणाले. माईक बंद केला नाही. माझा हात दुसऱ्या ब्रेकवर होता.

त्यांनी मूठ दाबली. म्हातारा मोहरला. पण सासू ती सासू. ते अपघाताचं वळण दिसायला लागलं तसं त्यांचं मनगट थरथरू लागलं.

“मी धरू का?”

“छे! थांब, गंमत दाखवतो.” त्यांनी कोटाच्या खिशातून रेशमी रुमाल काढला, मुठीवरून फिरवला, एक टोक दातात धरलं आणि गाठ मारली. डोळे मिटूनही मारली असती. “हे बघ! मीच शिकवलं होतं डेपोत एकेकाला.”

“एकेकाला?”

“नाही बांधली तर घरी बसवीन म्हणायचो. त्याशिवाय का गाड्या वेळेवर धावल्या?”

“मग चौकशीत ‘नाही’ असं का म्हणालात?”

ते माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांना माईकचा लाल दिवा दिसला. मागे डब्यात सगळे उठून केबिनकडे बघत होते.

“तू कोण?”

मी बाबांचं नाव सांगितलं आणि गाठ सोडली. मूठ वर आली, ब्रेक लागला, आणि गाडी वळणावर गपकन उभी राहिली. त्या दिवशीही अशीच राहिली असती. साहेबांचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी ते पोटभर बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

पत्रकार पुढे घुसले. त्यांना बाजूला सारत आई केबिनच्या दाराशी आली. ती साहेबांना चार शिव्या घालील, थोबाडीत मारील, याची मी वाट बघत होते.

साहेब चाचरत म्हणाले, “बाई, तेव्हा सगळेच बांधायचे.”

“सगळ्यांच्या बायका त्यांच्याशी बोलत होत्या,” आई म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. “तुला हे ठाऊक होतं?”

“बाबांनी सांगितलं होतं.”

“मलाही सांगितलं होतं गं,” आई म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.