शून्यावर विश्वास ठेवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना अॅमीटर. सर्किटमधून किती प्रवाह जातो ते माझा काटा दाखवतो. पण प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी, असला तरच.

शहागंजातल्या दुकानात विज्ञानशिक्षिका भानुमतीबाईंनी मला त्यांच्या शाळेसाठी निवडले. डीसीची खूण पाहिली, काटा किती अँपिअरपर्यंत जातो ते पाहिले, मला हलवून तो शून्यावर परततो का तेही पाहिले.

“बाई, मीटर है, साडी नहीं!” दुकानदार वैतागला.

“साडी असती तर एवढं पाहिलं नसतं.”

प्रयोगशाळेत मुलींनी माझे लाड केले. मग डिजिटल मीटर आले. निवृत्त होताना बाईंनी मला पुंडलिकनगरच्या घरी नेले. समोरची मोकळी जागा इमारतींनी भरली, गल्लीत टँकरमागे घागरी लागू लागल्या. मी कपाटातून पाहत राहिलो.

एका दुष्काळात बाईंचा भाचा वैजनाथ पिशोर गावी विहिरीवरचा सौर पंप दुरुस्त करायला निघाला. बाईंनी मला त्याच्या पिशवीत घातले. तिथे म्हाताऱ्या मेंढपाळ बानाबाईंची मेंढरे कोरड्या हौदाभोवती उभी होती.

मला जोडायचे तर तार सोडवावी लागते. वैजनाथकडे नवा चिमट्याचा मीटर होता. तारेभोवती नुसता अडकवायचा.

“दादा, पिशवीतल्या त्या दुसऱ्या मीटरनं बी बघा की,” बानाबाई म्हणाल्या.

“आजी, ते म्युझियमला द्यायचंय.”

चिमट्याने शून्य दाखवले.

“सौर पॅनल बिघडलेत. नवे येईपर्यंत पावसाळा लागेल.”

“तवर मेंढरांनी काय ऊन प्यावं व्हय? इकावीच लागतील मला.”

वैजनाथ पुढच्या गावांची कामे उरकून आठवड्याने बाईंकडे परतला. शून्याचे ऐकून बाईंनी चिमटा उलटसुलट पाहिला. “अरे, हा फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा प्रवाह मोजतो. पॅनलची तार डीसीची, तिच्यावर हा शून्यच दाखवणार!”

दुसऱ्याच दिवशी दोघे मला घेऊन पिशोरला गेले. वैजनाथने तार सोडवून मला मध्ये जोडले. माझा काटा झरकन वर चढला. पॅनल ठणठणीत होते! मग पंप वर ओढला, तर त्याची जाळी विहिरीच्या गाळाने गच्च भरलेली. ती धुतली आणि हौदात पाणी पडू लागले.

बानाबाईंनी ओंजळभर प्यायले. “लई ग्वाड हाय,” म्हणाल्या आणि सवयीने मेंढरांना हाक घातली. एकही मेंढरू आले नाही.

“बाजारात इकली, बाई. समदी.”

वैजनाथची मान वर झाली नाही.

मित्रांनो, मला कपाटात जपले नाही तरी चालेल. पण काय मोजायचे आहे ते आधी ओळखा आणि मगच मीटर उचला. तुम्ही सांगितलेल्या शून्यावर कुणाचे तरी घर अवलंबून असते.