कमिटीची नक्कल

“याला इथंच करून दाखवायला सांगा,” साहेब म्हणाला. “गरौठ्याच्या बाजारात केलं, अगदी तसं.”

साहेबाशेजारी उभ्या यज्ञेश्वरानं समोर पाहिलं. मेजापलीकडे छिद्दू नकल्या उभा होता. ना ढोलक, ना तोंडाला रंग, ना समोर हसायला माणसं. भर दुपारची सरकारी कचेरी, वर पंखा हलतोय आणि दारात शिपाई.

“छिद्दू, साहब कहते हैं, नकल करके दिखाओ.”

म्हणून झाल्यावर यज्ञेश्वराच्या लक्षात आलं, आपण ‘छिद्दूभैया’ म्हटलं नाही. आजवर एकदाही नुसतं नाव घेतलं नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. सरकारनं कमिटी नेमली होती आणि छिद्दू बाजारोबाजारी त्या कमिटीची नक्कल करत होता. कुणीतरी चुगली केली. आता साहेबाला एवढंच ठरवायचं होतं, की या माणसानं समजून-उमजून सरकारची थट्टा केली, की ऐकीव शब्दांची नुसती बडबड केली. समजून केली असेल, तर तुरुंग. आणि समजतं की नाही हे साहेबाला सांगणारा माणूस एकच, कचेरीत नवा लागलेला दुभाषी कारकून, यज्ञेश्वर.

यज्ञेश्वराच्या आजोबांनी झाशीच्या दरबारात मंत्र म्हटले होते. दरबार गेला, यजमान पांगले, आणि घरात उरली ती नुसती पाठ केलेली विद्या, जिला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. नोकरी हवी तर इंग्रजी हवं. पुस्तकावरून अक्षरं त्यानं गिरवली, पण साहेब बोलायला लागला की कानावरून वारा गेल्यासारखं व्हायचं.

छिद्दूचं उलटं होतं. तरुणपणी त्यानं छावणीत पंखा ओढला होता. दोरी हातात आणि कान साहेबांच्या गप्पांत. बोलणं सगळं कळायचं, वाचता मात्र एक अक्षर यायचं नाही. म्हणून दतिया गेटच्या आडबाजूला, त्याच्या ओट्यावर, दोघांची संध्याकाळची शाळा भरायची. छावणीतल्या दुकानातून सामानाभोवती गुंडाळून आलेले जुने इंग्रजी अखबार यज्ञेश्वर नेई.

“का लिखो है, पंडितजी?” छिद्दू विचारी.

“सरकारला रिग्रेट आहे म्हणे. हे रिग्रेट म्हणजे काय, भैया?”

“देखो.” छिद्दू एक हात छातीवर ठेवी, पापण्या खाली पाडी, मान अशी झुकवी की बघणाऱ्याला रडू यावं. आणि दुसऱ्या हातानं हळूच समोरच्याचा आंबा उचली. “जो भओ रिग्रेट.” म्हणजे, हे झालं रिग्रेट.

‘डीले’ म्हणजे उचललेला पाय, जो खाली येतच नाही. ‘इन्क्वायरी’ म्हणजे विहिरीत पडलेल्याला कंदील घेऊन पलंगाखाली शोधणं. राजकारणाच्या बातमीतला शब्द यायचा कोरडा खडखडीत. छिद्दू त्याला हसवून, नाचवून परत द्यायचा. हसत शिकलेला शब्द यज्ञेश्वर कधी विसरला नाही. दुष्काळाच्या कमिटीची बातमीसुद्धा त्यानंच वाचून दाखवली होती. ती ऐकताच छिद्दूनं उठून कमिटीतला एकेक साहेब उभा केला होता.

तेच साहेब आता कचेरीत उभे राहिले. गावकरी पाणी मागतो. पहिला म्हणतो, इन्क्वायरी. दुसरा म्हणतो, डीले. तिसरा घोरतो. चौथा घड्याळ बघतो. मागता मागता गावकरी आडवा होतो, आणि सगळे टोप्या काढून एका सुरात म्हणतात, “वी रिग्रेट!”

दारातल्या शिपायानं ओठ चावला. छिद्दूला वाईट नक्कल करता आली असती, तर त्या दिवशी बरं झालं असतं. पण ते त्याच्या हातात नव्हतं.

साहेबाच्या कपाळावर आठी चढली. “या माणसाला इंग्रजी समजतं?”

छिद्दू भिंतीकडे बघत होता.

“नो सर,” यज्ञेश्वर म्हणाला. “लाइक अ पॅरट, सर. ही अंडरस्टँड्स नथिंग.”

पोपट. काही समजत नाही. छिद्दूला शब्दन् शब्द कळला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. न कळणाऱ्या माणसाची ती नक्कल त्यानं अशी वठवली, की क्षणभर यज्ञेश्वरच फसला.

साहेबाची आठी उतरली. “सोडा त्याला. पुन्हा केलं तर मात्र आत जाईल म्हणावं.” मग कागद ओढता ओढता त्यानं सहज विचारलं, “तुमच्याच वस्तीत राहतो म्हणे. ओळखता का?”

धोका टळला होता. ‘हो, शेजारी आहे,’ एवढं म्हटलं असतं, तर कुणाचं काही जाणार नव्हतं.

“नो सर. वी आर रिस्पेक्टेबल पीपल, सर. वी डू नॉट सिट विथ सच मेन.”

अडखळला नाही, शब्द शोधावा लागला नाही. इतकं सफाईदार इंग्रजी त्याच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. दारात पायताण घालायला वाकलेला छिद्दू थोडा वेळ तसाच वाकलेला राहिला.

घरी त्याची बायको अंबिका वाटच बघत होती.

“सोडलं ना छिद्दूभैयांना?”

“सोडलं.”

“अहो, मग तोंड का असं? तुम्हीच सोडवलंत ना?”

“मीच.” पहिलं खोटं छिद्दूसाठी होतं, असं यज्ञेश्वरानं वाटभर स्वतःला समजावलं होतं. दुसऱ्या खोट्यापाशी आलं, की समजूत पुढं सरकत नव्हती.

अंबिकेनं फडताळातून एक नवं कोरं केशरी पागोटं काढलं. “तुमची नोकरी लागली तेव्हाच आणून ठेवलंय. विद्या पुरी झाली की गुरूला द्यावं लागतं, आपल्याकडे चुकलं नाही कधी. आज एवढं बालंट टळलंय, आजच देऊन या.”

“आज नको. चौकात त्याचा खेळ असतो. लोक असतील.”

“असू देत की! चोरीचा माल आहे का?”

पागोटं उपरण्याखाली घेऊन तो निघाला. ते उपरण्याखाली का घेतलं, हे त्याला कुणी विचारलं नाही, पण पाऊल मात्र जड झालं. चौकात गर्दी होती. छिद्दू कुंभाराचं गाढव झाला होता, आणि पोरंबाळं हसून लोळत होती.

“ऐ, हटो रे! कचेरी के बाबूजी आए, रस्ता दो!” गर्दीतलं कुणीतरी ओरडलं.

गर्दी आपोआप दुभंगली. गाढव थांबलं, दोन पायांवर उभं राहिलं, आणि त्यानं लवून सलाम केला. “आओ हुजूर.”

यज्ञेश्वरानं पागोटं पुढं केलं. रस्ताभर घोकलेलं वाक्य साधं होतं. भैया, ही तुमची गुरुदक्षिणा. तो पायाशी वाकायला लागला, अर्धा वाकला, आणि त्याला दिसलं, की वाणी बघतोय, देवळाचा पुजारी बघतोय, कचेरीतला शिपाईसुद्धा येऊन उभा राहिलाय. तो तसाच सरळ झाला.

छिद्दूनं ते अर्धं वाकणं पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी पागोटं घेतलं आणि कपाळाला लावलं.

नकल्याला कुणी काही दिलं, की देणाऱ्याचं नाव चौकात पुकारायची रीत आहे. त्याशिवाय खेळ पुढं जात नाही. छिद्दूनं पागोटं उंच धरलं आणि खणखणीत आवाजात पुकारा केला,

“सुनो रे भैया, सुनो! कचेरी के बड़े बाबू, पंडित यज्ञेश्वरजी महाराज ने, छिद्दू नकलची खों पगड़ी इनाम दई! रामजी उनखों और बड़ो करें!”

टाळ्या पडल्या. माना यज्ञेश्वराकडे वळल्या. इनाम नव्हे, हे सांगायला एकच शब्द पुरला असता, आणि तो त्याला मराठीत येत होता, हिंदीत येत होता, आता इंग्रजीतही येत होता. छिद्दू पागोटं उंच धरून उभा होता.

इनाम देणारे मोठे लोक हलवतात, तशी यज्ञेश्वरानं सावकाश मान हलवली.