फळ्यावर चेंडूच नव्हता

मी एक जुना लोखंडी फळा आहे. एका कोपऱ्याला पोचा आलेला, मधली रेघ पुसट झालेली. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. गोड गोड ऐकायला बसला असाल तर उठा.

एका पेंटरने माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने बास्केटबॉलचं मैदान आखलं. सोबत चुंबकाच्या बारा चकत्या दिल्या, प्रत्येकीवर एका खेळाडूचा नंबर. तेरावी चकती नारिंगी, सगळ्यांत लहान. ती म्हणजे चेंडू. असा मी एका व्यावसायिक संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत येऊन भिंतीवर टांगला गेलो.

त्या संघाच्या प्रशिक्षक म्हणजे आत्या. त्यांचा भाचा लहानपणी "आत्या, आत्या" करत त्यांच्या मागे मैदानभर फिरायचा, म्हणून सगळा संघच त्यांना आत्या म्हणायला लागला. पाच जण निवडायची त्यांची एक रीत होती. आधी नारिंगी चकती ठेवायच्या. मग तिच्याभोवती एकेक नंबर लावत पुटपुटायच्या, "हा चेंडू आणेल. हा लांबून टाकेल. हा आत घुसेल. हुकला तर हा उडी मारून धरेल. आणि ह्यांना वाट कोण मोकळी करून देणार?" असं म्हणत चौदा नंबर उचलायच्या.

चौदा नंबर म्हणजे भिंत. सगळे त्याला भिंतच म्हणत. सामन्यात चार गुण केले तरी त्याच्यासाठी डोक्यावरून पाणी. पण समोरच्याच्या वाटेत तो असा काही ठाम उभा राहायचा की त्याच्या आडोशाने आपला माणूस मोकळा सुटायचा. धक्के भिंत खायचा, टाळ्या दुसऱ्याला. त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र तेव्हाही राग यायचा.

मग आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या दोन महिने घरी बसल्या. भाचा तोवर संघाचा व्यवस्थापक झाला होता. सूटबूट, हातात कागदांची चळत. त्याने प्रत्येकाचे गुण पाहिले, सगळ्यांत जास्त गुणवाले पाच जण निवडले आणि तावातावाने त्यांच्या चकत्या माझ्यावर आपटल्या. धक्क्याने नारिंगी चकती निसटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली.

"जाऊ दे," भाचा म्हणाला. "चेंडू काय, सगळ्यांना माहीतच आहे."

मित्रांनो, वाकायला किती वेळ लागतो हो?

मग त्याने भिंतीला बोलावलं. "सरासरी चार गुण! तू मैदानात नक्की करतोस काय?"

"उभा राहतो, साहेब."

"उभं राहायला खांब आहेत की! पुढच्या वर्षीचा करार मी देत नाही. पत्र उद्या मिळेल." आणि चौदा नंबर माझ्यावरून ओढून काढून खणात टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक.

पुढे काय झालं? पाचही जण हात वर करून चेंडू मागत उभे! कोणी कोणासाठी वाट करेना, हुकलेल्या चेंडूमागे कोणी धावेना. ओळीने सहा सामने हरले. रोज नवी मांडणी व्हायची आणि माझ्यावर ती झकास दिसायची. दिसणारच. ज्याच्यावरून भांडण, तो चेंडूच नव्हता ना तिथे!

शेवटचा सामना हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. मध्यंतराला आम्ही सतरा गुणांनी मागे. तेवढ्यात दार ढकलून आत्या आल्या, काठी टेकत. थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चेंडू कुठंय?"

भाचा हातातले कागद चाळायला लागला.

"पाच जणांना जागा दिल्यास आणि चेंडू कोणाच्याच हातात नाही? शहाण्या, हेच शिकवलं तुला मी?"

"आत्या, एका चकतीने काय होतंय..."

"तू गप्प बस!"

त्यांनी कोटाचं बटण तोडलं. बटण लोखंडावर चिकटेना. कोपऱ्यात बसलेल्या भिंतीने आपल्या बोटाची चिकटपट्टी सोडून पुढे केली. आत्यांनी बटण माझ्यावर चिकटवलं, चौघांच्या चकत्या त्याच्याभोवती लावल्या आणि खणातून चौदा नंबर काढला. "ऊठ रे बाबा. ह्यांना जरा वाट करून दे."

एका गुणाने जिंकलो. भिंतीचे स्वतःचे गुण शून्य.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा चिडलो नसतो. जिंकल्यावर फोटो निघाले, त्यांत भिंत नव्हता. भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "निवड माझीच होती." आत्या त्याच्यावर खूप ओरडल्या, पण भिंतीची जागा दुसऱ्या कोणाला देऊन झाली होती. बूट न्यायला तो आला, तेव्हा चौदा नंबर परत खणात पडला होता. त्याने तो पुसला, माझ्यावर बटणाच्या शेजारी लावला आणि निघून गेला.

आता मी सामानाच्या खोलीत आहे. मला नवा रंग देऊ नका, माझं कौतुकही नको. पण मित्रांनो, तुम्ही संघ निवडाल तेव्हा आधी चेंडू ठेवा, आणि गुण मोजून झाले की धक्के कोण खातंय तेही बघा. कपडे बदलायच्या त्या खोलीत कोणी गेलात तर कपाटाखाली हात घाला. नारिंगी चकती अजून तिथेच असणार. झाडणारी बाई रोज सकाळी केरसुणीने तिला आणखी आत ढकलायची, मी पाहिलंय.

आणि माझ्यावरचा चौदा नंबर कोणी काढायला येऊ नका. तो मी देणार नाही.