घोडीशी बोललेलं धरत नाहीत

माझं काम मोजायचं. घोड्यावर बसवून रुग्णांवर उपचार करतात त्या केंद्रात मी नोंदी ठेवते. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड, पॅडवर डॉक्टरीणबाईंचा छापील तक्ता. रुग्ण आधाराशिवाय किती वेळ ताठ बसला, लगामाकडे हात कितीदा गेला, आपणहून किती शब्द बोलला. "आज जरा बरं वाटतंय" असलं माझ्याकडे चालत नाही. किती बरं ते सांगा, नाहीतर गप्प बसा.

गप्प बसायचं मनावर घेतलं ते नेमकं माझ्या सासऱ्यांनी.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. आमच्याच केंद्रात बारा आठवड्यांचे उपचार ठरले. घरच्या माणसाची नोंद घरच्याने ठेवू नये असा नियम तेव्हा नव्हता. आता आहे, आणि तो माझ्यामुळे झाला.

त्यांच्या वाट्याला आली ती केंद्रातली सगळ्यांत म्हातारी घोडी. तिला सगळे मावशी म्हणतात. तिच्या पाठीवर बाबा चाळीस सेकंदांवरून अकरा मिनिटं ताठ बसायला लागले. उजवा हात लगामापर्यंत पोचला. शब्दांचा रकाना मात्र शून्य, शून्य, शून्य. घरी ब्र नाही, केंद्रात ब्र नाही.

"अहो ताई, भरपूर बोलतात ते," घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार दर आठवड्याला सांगायचा. "तुम्ही पाठ फिरवली की मावशीला खरारा करता करता सुरू होतात."

मी ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं.

"घोडीशी बोललेलं धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "माणसाशी बोलायला हवं, आणि नोंद करणाऱ्यासमोर. निदान पाच शब्द. शेवटच्या दिवशीही शून्यच असेल तर मुदत वाढणार नाही, त्यांची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. रांग केवढी आहे बघताय ना?"

शेवटचा दिवस उजाडला. जागा गेली की बाबा पुन्हा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. निदान ते खरंच बोलतात का ते तरी कळू दे, म्हणून मी तबेल्यात गवताच्या पेंढ्यांआड जाऊन बसले.

बाबा आले. मावशीला टेकून उभे राहिले आणि डाव्या हाताने खरारा करायला लागले.

"मावशे," ते म्हणाले. जड, पण स्वच्छ. माझे डोळे भरून आले. मी बोट दुमडलं. एक.

"सूनबाई… घड्याळ घेऊन. जेवताना… किती घास. झोपलो… किती तास."

दहा. डोळ्यांतलं पाणी आटलं.

"भाजी… अळणी. पोलिसीण… नुसती."

चौदा. माझं पित्त खवळलं. मीठ कमी करा असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी काय हौसेनं अळणी रांधते?

तेवढ्यात मावशीने मान लांबवली आणि माझ्या डोक्यावरच्या पेंढीतून एक घास ओढला. मी हळूच "शुक" केलं. तिने दुसरा ओढला. पाचव्या घासाला माझा आडोसाच संपला, आणि पॅड छातीशी धरून उकिडवी बसलेली, केसांत गवत अडकलेली सूनबाई सासऱ्यांसमोर उघडी पडली.

बाबांनी तोंड मिटलं.

"घोडीशी चौदा शब्द!" मी ओरडले. "आणि माझ्याशी एक नाही? सात महिने तुमच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेय मी, बाबा! न्हाणीघरात नळ सोडून रडलेय. वैरीण आहे का मी तुमची?"

बोलता बोलता मला रडूच फुटलं. पॅड हातातून कधी पडलं ते कळलंही नाही.

बाबांनी खरारा माझ्या गळ्यातल्या घड्याळाकडे रोखला.

"माप घेताना… गिऱ्हाईक श्वास रोखतं. पोट आत ओढतं. कपडा… चुकतो." ते दम खायला थांबले. "आधी… गप्पा. मग टेप."

मी घड्याळ काढून खुंटीला अडकवलं. मग अळणी भाजीवरून आम्ही दोघं मनसोक्त भांडलो. त्यांचा एकेक शब्द यायला वेळ लागत होता, आणि मी तो मुकाट्याने येऊ देत होते.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "किती शब्द झाले?"

"मोजले नाहीत," मी म्हणाले.

"मग शून्य लिहावं लागेल." त्यांनी खाली पडलेलं पॅड उचललं, पेन उघडलं आणि बाबांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "हं, बोला आजोबा."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. पोटसुद्धा आत ओढलं. आणि ते पाहून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाई, पेन जरा राहू द्या हो," मी म्हणाले. "हा कोट नवा दिसतोय?"

"हो, परवाच शिवून घेतला." त्यांनी खुशीत एक गिरकीही घेतली.

बाबांची नजर कोटावर गेली. कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षांचा शिंपी तो, किती वेळ तग धरणार?

"खांदा… अर्धा इंच… उतरलाय," ते म्हणाले. "शिवला कोणी?"

"सहा!" मागून मोतद्दार बोटं नाचवत ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी आधी खांदा चाचपला, मग तक्त्यात सहा लिहिले. जागा राहिली. जाता जाता मात्र त्या मागे वळल्या आणि हळूच बाबांना विचारलं, "दुरुस्त होईल का हो?"

संध्याकाळी मी जेवायला वाढलं. घड्याळ तबेल्यातच राहिलं होतं. मी नवऱ्याला ऑफिसचं काहीबाही विचारत बसले, बाबांकडे मुद्दाम बघितलं नाही. त्यांनी पहिला घास खाल्ला आणि मान वर केली.

"अळणी," ते मला म्हणाले.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्या घरात सात महिन्यांनी उमटलेला त्यांचा पहिला शब्द होता तो, आणि तो मला उद्देशून होता. माझ्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही.

मीठ मात्र मी वाढलं नाही.