काम चालू ठेवा

१९९४ च्या फेब्रुवारीत लीलाधर भंगाळे नऊ फ्लॉप्या, छापील फॉर्मांचा गठ्ठा आणि दोन शर्ट घेऊन पुण्याहून जळगावला आला. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तो प्रोग्रॅमर होता. तिथल्या पाच जणांनी साडेतीन वर्षं खपून एक सिस्टीम तयार केली होती. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर सगळं मराठीत. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘अंगण’. बाजारात यायला तिला अजून अवकाश होता. त्याआधी थोड्या लोकांनी ती वापरून पाहावी, काय आवडलं, कुठे अडलं ते फॉर्मवर लिहून द्यावं, असं ठरलं. लीलाधर मूळचा सावद्याचा, म्हणून खानदेश त्याच्या वाट्याला आला.

जळगावच्या आसपास आणि धुळ्यात मिळून अकरा ठिकाणी त्याने ‘अंगण’ बसवलं आणि दोन महिन्यांनी फॉर्म गोळा करायला पुन्हा फिरला. पहिला थांबा कुंदाबाईंच्या टायपिंग क्लासचा. कुंदाबाईंनी त्याला चहा दिला आणि कोरा फॉर्म परत केला.

“लिहू काय यात?” त्या म्हणाल्या. “पोरी दोन दिवस बसल्या. संचिका म्हणजे काय, विचारायला लागल्या. म्हटलं, फाईल. मग म्हणाल्या, बाई, फाईलच शिकवा ना, नोकरीच्या ठिकाणी संचिका कोण म्हणणार आहे?”

“शब्द बदलता येतील, बाई.”

“शब्दाचं नाही हो. आसोद्याची पोरगी दोन बस बदलून इथे येते ती इंग्रजी यावं म्हणून. तिला मी मराठी कॉम्प्युटर दाखवला तर तिचा बाप मला जाब विचारेल.”

बियाण्यांच्या दुकानात तर मालकाने ‘अंगण’ काढूनच टाकलं होतं. एका छापखान्यातून फॉर्म आला, त्यावर एकच ओळ होती : ‘चालू व्हायला फार वेळ घेते, तोवर माणूस पान खाऊन येतो.’ जामनेरच्या एका वकिलांना अक्षरं बारीक वाटली. कुणी लिहिलं की छान आहे, आणि लीलाधरने विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी उघडलंच नव्हतं. साडेतीन वर्षांत त्याने स्वतःच्या लग्नाचा विषय दोनदा पुढे ढकलला होता, आईच्या ऑपरेशनला तो उशिरा पोचला होता. जळगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसताना त्याला वाटलं, इथूनच परत फिरावं.

धुळ्यात एकच जागा होती. प्राथमिक शिक्षकांच्या पतपेढीने हौसेने कॉम्प्युटर घेतला होता आणि तो कापडाखाली झाकून ठेवला होता. तिथले क्लार्क भटू नाना त्याला हात लावायला घाबरत. लीलाधर आत गेला तेव्हा कापड नीट घडी करून बाजूला ठेवलेलं होतं आणि कॉम्प्युटरसमोर साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, एका बोटाने टाइप करत होत्या.

“ह्या आमच्या अक्का,” भटू नाना म्हणाले. “प्रमिलाबाई बोरसे. शाळेतून रिटायर झाल्या. तुमचं ते अंगण बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज येतात. आम्ही कुलूप लावतो तेव्हाच उठतात.”

अक्कांनी मान वळवली. “तुन्हं नाव काय शे?”

“लीलाधर. सावद्याचा.”

“म्हणजे तुला अहिराणी नाही, तुमची बोली निराळी,” त्या हसल्या आणि शाळेतल्या मराठीवर आल्या. “बैस. तुझ्या अंगणात मी काय पेरलंय ते बघ.”

प्रमिलाअक्कांनी चौतीस वर्षं साक्री, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांतल्या खेड्यांत मास्तरकी केली होती. लग्न केलं नव्हतं. जिथे बदली होईल तिथल्या बायकांच्या तोंडचे अहिराणी शब्द त्या चिठ्ठीवर लिहून घेत. शब्द, त्याचा अर्थ, गावाचं नाव आणि ज्या बाईने तो सांगितला तिचं नाव. मुलीला आंडेर, म्हाताऱ्याला धल्ला, हे तर सगळ्यांना माहीत. पण भाकरीच्या पिठाच्या सात अवस्थांना सात शब्द, विहिरीच्या पाण्याचा उतरता आवाज सांगणारा शब्द, नांदायला न जाणाऱ्या पोरीला तिची आई चारचौघांत म्हणते तो आणि घरात म्हणते तो, असे शब्द अक्कांच्या चिठ्ठ्यांवर होते. सहा हजारांच्या वर चिठ्ठ्या. धुळ्यातल्या भाड्याच्या खोलीत साबणाच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या. एका खोक्याला वाळवी लागली होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं होतं की आहे ती नजर आणखी एखाद-दोन वर्षं साथ देईल.

लीलाधर दोन तास तिथे बसला. अक्का एकेक शब्द दाखवत होत्या आणि तो ऐकत होता. आपण बनवलेली वस्तू कुणाच्या तरी खरोखर कामाची आहे, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

“आता या चिठ्ठ्यांची गरज नाही, अक्का,” तो म्हणाला. “एकदा इथे गेलं की गेलं. वाळवी नाही, काही नाही. दर शनिवारी या दोन फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायचं, बस.”

अक्कांनी फॉर्म बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी भरला होता. ‘नष्ट करा’ हे बटण वाचलं की हात थांबतो, तिथे ‘पुसा’ लिहा. घड्याळाचं चित्र सुंदर आहे. आणि शेवटी : ‘यादी मोठी झाल्यापासून कधी कधी अ ची पानं कोरी दिसतात. बंद करून पुन्हा उघडलं की दिसतात. हे का?’

पुण्याला परतताना बसमध्ये त्याने सगळ्या फॉर्मांवर कंपनीसाठी शेरे लिहिले. अक्कांच्या शेवटच्या ओळीपुढे त्याने लिहिलं : ‘वापरणाऱ्याला सराव कमी.’ दहा ठिकाणांहून निराशा घेऊन येताना एका चांगल्या फॉर्मला डाग लागू नये, असं त्याला वाटलं. त्या वेळी हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही.

जूनमध्ये अक्कांचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं की अ ची पानं आता बंद करून उघडल्यावरही कोरीच दिसतात, ट ची यादी चालली आहे, थांबू का? कार्ड आलं त्या आठवड्यात मुंबईहून काही मोठी माणसं ‘अंगण’ बघायला यायची होती आणि कंपनीत कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. लीलाधरने उभ्याउभ्या उत्तर लिहिलं : ‘अक्का, तो फक्त पडद्यावर दिसण्याचा दोष आहे. शब्द आत सुरक्षित आहेत. मागे जाऊन बघत बसू नका, शेवटी लिहीत राहा. नवीन आवृत्तीत दुरुस्त होईल. काम चालू ठेवा.’

त्याने तपासून पाहिलं नव्हतं. तसं असावं, असं त्याला वाटलं होतं, एवढंच.

अक्का सांगितलेलं ऐकणाऱ्या होत्या. त्यांनी काम चालू ठेवलं. सप्टेंबरच्या शेवटी पतपेढीतून भटू नानांचा फोन आला, की अक्कांचं काम झालं, शेवटचा शब्द काल टाइप झाला, त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, आता छापून द्यायला या.

लीलाधर दुसऱ्याच दिवशी निघाला. सकाळी अकराला तो पतपेढीत पोचला तेव्हा अक्का इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या. त्यांच्या जुन्या शाळेतल्या सुगंधाबाई नावाच्या शिक्षिकाही आल्या होत्या. भटू नानांनी प्रिंटरमध्ये कागदाचा जाड गठ्ठा लावला. प्रिंटर कर्कश आवाज करत सुरू झाला आणि पहिलं पान बाहेर आलं. लीलाधरने ते फाडून अक्कांच्या हातात दिलं.

अक्कांनी ते डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ बघितलं.

“हे कुठलं पान आहे?” त्या म्हणाल्या. “हा शब्द शिरपूरकडचा, अर्थ लिहिलाय तो पिठाचा. आणि नाव बेबाबाईचं. बेबाबाईने हा शब्द सांगितला नव्हता.”

लीलाधरने दुसरं पान घेतलं. मग तिसरं. एका शब्दाचं तोंड, दुसऱ्याचा अर्थ, तिसऱ्याच गावाचं नाव, मध्ये चौकोन आणि फुल्या. अ कुठेच नव्हता. आ नव्हता. प्रिंटर पानांमागून पानं ओढत होता, पण काय झालंय ते लीलाधरला चौथ्या पानालाच समजलं होतं. यादी एका मापापलीकडे गेली की ‘अंगण’ नवी जागा शोधत नव्हतं. पुन्हा सुरुवातीला जाऊन जुन्या शब्दांवर नवे शब्द लिहीत होतं. पानं कोरी दिसत होती ती याचीच पहिली खूण होती. एप्रिलपासून अक्का जो शब्द घालत होत्या तो आधीचा एक शब्द खात होता.

“फ्लॉप्या,” तो म्हणाला. “अक्का, शनिवारच्या फ्लॉप्या कुठे आहेत?”

फ्लॉप्या होत्या. त्याच दोन, दर शनिवारी त्याच. त्यानेच सांगितलं होतं तसं. त्यांवरही हेच होतं.

“चिठ्ठ्या आणा,” तो म्हणाला. “चिठ्ठ्यांवरून पुन्हा करू. मी स्वतः बसतो.”

सुगंधाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “एकेक अक्षर पुरं झालं की त्या चिठ्ठ्या बंबात घालायच्या. मी विचारलं होतं, अहो असू द्या ना. तर म्हणाल्या, पोराने सांगितलंय, आता गरज नाही.”

प्रिंटर अजून चालूच होता. भटू नानांनी त्याची वायर काढली.

“बठ्ठं गयं,” अक्का म्हणाल्या. सगळं गेलं. कुणाला उद्देशून नाही. मग त्यांनी मांडीवरची पानं सारखी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि टेबलावर ठेवली.

लीलाधर त्यांच्या पायाशी बसला. “अक्का, तुम्ही मला दोनदा लिहिलं होतं. चूक माझी आहे. मी बघितलंच नाही.”

“हो,” त्या म्हणाल्या. “मी लिहिलं होतं.”

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुण्याला नेलेल्या फ्लॉप्यांमधून पाच जणांनी आठवडाभर खटपट केली. शब्द, अर्थ, गाव आणि बाई, चारही जागच्या जागी आहेत असे जेमतेम चारशे निघाले. कंपनीच्या मालकांनी लीलाधरला आत बोलावलं आणि फॉर्मच्या मागची बारीक ओळ दाखवली. चाचणीच्या काळात माहिती गेल्यास कंपनी जबाबदार नाही.

“तुला वाईट वाटतंय ते समजतं,” ते म्हणाले. “पण दोष सापडला ना? चाचणी असते ती यासाठीच.”

लीलाधरने तीन आठवड्यांची रजा घेतली आणि धुळ्यात लॉजवर राहिला. रोज सकाळी वही घेऊन तो अक्कांच्या खोलीवर जायचा. अक्का आठवून सांगायच्या, तो लिहायचा. पहिल्या आठवड्यात अडीचशे शब्द झाले. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला दहा. एका सकाळी त्या एका शब्दाशी अडल्या. म्हणाल्या, साक्रीकडचा. मग म्हणाल्या, नाही, शिंदखेड्याचा.

“असू द्या अक्का, गाव नंतर लिहू.”

“नंतर कुणाला विचारशील?” अक्का म्हणाल्या. “शब्द सांगणारी भागाबाई गेली. धनूरची म्हातारी गेली. आणि मी आता जे सांगते ते त्यांचं आहे की माझ्या मनाचं, मला कळेनासं झालंय. अर्थसुद्धा मी बसवते की काय, अशी शंका येते. चौतीस वर्षं मी एक शब्द मनाने लिहिला नाही. आता म्हातारपणी खोटं लिहून ठेवू?”

“थोडं कमी-जास्त झालं तरी काहीच नसण्यापेक्षा...”

“ते तुमच्या कामात चालत असेल.” त्यांनी त्याच्या हातातली वही घेतली, मिटली आणि फडताळात ठेवली. “उद्यापासून येऊ नको, भाऊ. आईकडे जा, सावद्याला. रजा संपव तिथे.”

तो तरी दुसऱ्या दिवशी गेला. दाराला आतून कडी होती. आत रेडिओ चालू होता. त्याने दोनदा हाक मारली, अर्धा तास पायरीवर बसला आणि उठून गेला.

पुढच्या वर्षी कंपनीने ‘अंगण’ बंद केलं. परदेशातून रंगीत खिडक्यांची नवी सिस्टीम येणार होती, सगळ्यांना तीच हवी होती. ज्या दोषाने अक्कांचे शब्द गेले तो कंपनीत दुरुस्त झाला होता, पण ती दुरुस्त आवृत्ती कुणाच्याच कॉम्प्युटरवर कधी चढली नाही. लीलाधरने पुणं सोडलं. जळगावात एका गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी धरली. तिथे सगळं इंग्रजीत होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

१९९६ च्या डिसेंबरात कामानिमित्त तो धुळ्याला गेला आणि दुपारी अक्कांच्या गल्लीत वळला. अक्का ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. त्याच्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी तोंड वळवलं, पण डोळे त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते.

“कोण?”

“लीलाधर, अक्का.”

त्यांनी बाजूची जागा हाताने झटकली. तो बसला. समोरच्या घरात एक सासू सुनेला काहीतरी बोलत होती, भरभर, ठसक्यात. त्यातला एक शब्द लीलाधरला कळला नाही. तो शब्द त्याने पूर्वी कधी ऐकलेला नव्हता.

“अक्का, आत्ता ती काय म्हणाली?” त्याने विचारलं. त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

अक्का थोडा वेळ तिकडे कान देऊन होत्या.

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुझी आई कशी आहे ते सांग.”