ओळीत पुढं कोण

"तू हो पुढं, सखू. माझा गळा बसलाय."

दर आवणीला, भाताची रोपं लावताना, लंकाबाईची आई हे म्हणायची. गळा काही बसलेला नसायचा. त्याच सकाळी तिनं बैलांना घातलेली हाक ओहोळापलीकडच्या पाड्यात ऐकू गेलेली असायची. पण चिखलात बाया ओळीनं उभ्या राहिल्या, हातात रोपांच्या मुठी आल्या, की ओळीच्या पुढच्या टोकाची जागा रिकामी राहायची. तिथं जी उभी राहील तिनं गाणं उचलायचं आणि तिच्या चालीवर बाकीच्यांनी वाकायचं, रोप खोचायचं, मागं सरायचं. आईला त्या जागेवर जायचं असायचं, हे बांधावर बसलेल्या लहानग्या लंकेलाही कळायचं. तरी आई नाव घ्यायची ते सखूचं. मग सखू मुठीतलं पाणी झाडत म्हणायची, "नाय गं बया, तूच हो. तुझ्याबिगर रोप बसायचं नाय." आई आणखी थोडे आढेवेढे घ्यायची, आणि मग अशी काही पुढं जायची, की जसं कुणी तिला ढकललंच आहे.

पेठच्या डोंगरात हे असंच चालत आलेलं. मानाची गोष्ट आपल्या तोंडानं मागायची नाही. ती आधी दुसरीच्या पदरात टाकायची. दुसरीनं ती हसून परत आपल्या पदरात टाकायची. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. चालायला शिकतात तसं सगळ्या शिकल्या होत्या.

आईला जाऊन कितीतरी पावसाळे झाले. लंकाबाईचेही केस आता कानाजवळ पांढरे झाले होते. थंडी पडली की ती दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जायची. यंदा मात्र ती पंचवटीत आली होती, आणि तेही शिकायला.

भाजीबाजाराच्या मागच्या बोळात एक पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या वरच्या मजल्यावर मोहिनीताईंची संस्था. खाली दळण सुरू झालं की वरची फरशी पायाखाली गुणगुणायची. जिल्ह्यातल्या गावागावांतून बाया तिथं यायच्या, राहायच्या, काहीतरी शिकून परत जायच्या. कुणी शिलाई, कुणी मधमाश्या, कुणी नुसता सल्ला घ्यायला, की आमच्या गटाचं भांडण कसं मिटवू. यंदाच्या तुकडीत होतं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, भाजायची, दळायची, चाळायची. नागली लंकाबाईच्या घरची. पण आजवर तिची भाकर झाली होती, आंबील झाली होती. तिला मोड आणून डब्यात भरायचं, वर गावाचं नाव चिकटवायचं, ही गोष्ट नवी होती आणि तिला फार आवडली होती.

भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. लंकाबाईच्या तो काही केल्या ध्यानात राहीना. कोणत्या चित्रानंतर कोणतं, याचा घोळ व्हायचा. मग एका सकाळी फडकं पिळता पिळता तिच्या तोंडून आपसूक निघालं,

"भिजली नागली, हिला बांधा फडक्यात
मोड फुटं जसा, तान्ह्या बाळाचा दात"

शेजारची हसली. तिच्या पलीकडची म्हणाली, "मावशी, परत म्हणा." दुसऱ्या दिवशी नागली सुकवताना पुढची ओवी आली,

"सुकवा सावलीत, हिला दावू नका ऊन
दारात आलीया, नवी लाजरी सून"

आणि चुलीपाशी आणखी एक,

"मंद आच ठेवा, घाई करू नका बाई
वास सुटल्यावरी, मग थांबायाचं नाई"

आठवड्याभरात तक्त्याकडे कुणी बघेनासं झालं. बाया कामाला लागल्या की ओव्या सुरू व्हायच्या, आणि चुकलेली बाई ओवीवरूनच आपली चूक ओळखायची. मोहिनीताईंनी त्या फोनवर भरून घेतल्या. "लंकाबाई, माझे तक्ते तुम्ही बेकार करून टाकले," त्या म्हणाल्या, आणि लंकाबाई पदर तोंडाला लावून हसली.

त्याच दिवसांत तिच्या मनात एक इच्छा मोड फुटावा तशी हळूच वर आली. शिकवावं. आपण उभं राहावं, समोर बाया बसाव्यात. बागेत इतकी वर्षं मुकादमानं सांगायचं आणि तिनं ऐकायचं, असं चालत आलं होतं. एकदा आपण सांगावं, आणि सांगताना गावं. हे ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला, गेणूला, फोनवर बोलली, पण तेही आडून. "इथं म्हणं शिकवायलाबी बाया लागत्यात," एवढंच.

"मग तुझं नाव कुणी घेतलं का?" गेणूनं विचारलं. तो तिला ओळखून होता.

"घेतील की. येळ येऊ द्या."

वेळ आली ती सोमवारी. जेवणं झाली होती, फरशी गुणगुणत होती. मोहिनीताई मध्ये येऊन बसल्या. "बायांनो, संक्रांतीनंतर कळवणला नवी तुकडी सुरू होतेय. सगळ्या तिकडच्याच पाड्यांवरच्या बाया. तुमच्यातली एक जण शिकवायला हवी मला. राहण्याजेवणाची सोय आपली, मानधनही आहे. कोण जाईल?"

 बाया एकमेकींकडे बघू लागल्या, आणि बऱ्याच जणी लंकाबाईकडे.  तिनं मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली,

"पल्लवीला धाडा ताई. पोर शिकलेली हाय. मला कुठं धड लिहिता येतं."

पल्लवी नामपूरची. घरचा कांदा, बारावी झालेली, बोलायला खणखणीत. लंकाबाईचं सगळ्यांत जास्त तिच्याशीच जमायचं, म्हणून तिचंच नाव तोंडात आलं. नाव टाकून लंकाबाई थांबली. आता पल्लवी म्हणेल, छे, मावशीच जातील. मग आपण जरा नको म्हणायचं. मग...

"चालेल ना ताई!" पल्लवी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मावशींनी नाव घेतलं म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू?"

"वा! लंकाबाईंनीच सुचवलं, मग प्रश्नच मिटला," मोहिनीताई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. लंकाबाईनंही वाजवल्या. हात वाजत होते आणि तिला कळत नव्हतं, की आपण टाकलेलं नाव परत का आलं नाही.

ते परत टाकू शकली असती अशी एकच बाई त्या तुकडीत होती, आणि ती रामकुंडावर गेली होती. अक्काबाई लंकाबाईच्या पलीकडच्याच पाड्यावरची. पंचवटीत राहून गंगेला अंघोळ नाही म्हणजे काय, असं म्हणून ती जेवणं सोडून गेली होती. ओल्या केसांनी परत आली तेव्हा सगळं आटपलं होतं. जिन्यातच तिला बातमी कळली आणि तिनं लंकाबाईला चहाच्या टपरीवर ओढत नेलं.

"अगं ये बये! मी आले असते की थांबली असतीस तर!"

"ताईंनी इचारलं तवा तू पाण्यात व्हतीस."

"मग त्या नामपूरवालीला काय म्हाईत आपली रीत? तिला वाटलं, तू खरंच देतीस."

"दिलंच की मी."

"दिलं म्हणं! तुझं तोंड बघ आरशात. थांब, मी जाते ताईकडं. मी घेते तुझं नाव."

लंकाबाईनं तिचा हात धरला. "नको अक्का. पोरीच्या पदरात पडलेलं वढून घ्यायचं? तिनं घरी फोनबी केला. सासू खूश झाली तिची. माझी आण हाय तुला, काय बोलू नको."

अक्काबाईनं चहाचा कप असा आपटला, की टपरीवाला म्हणाला, "मावशी, काच आहे ती." पण आण घातल्यावर तिचा इलाज खुंटला. ती नुसती पुटपुटत राहिली.

संध्याकाळी गेणूचा फोन आला. लंकाबाईनं हसत हसत सांगायचा प्रयत्न केला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग गेणू म्हणाला, "मी येऊ का तिथं? वर चढतो आन् वरडतो, आमची लंकी पाठवा म्हणून."

"या की. खाली गिरणी हाय. तुमचं वरडणं दळून देतील."

दोघंही हसली. हसणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "लंके, आपल्या शेतात तुझ्या पुढं-मागं सगळ्या आपल्याच असत्यात. तिथं तशा नायत." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. फोनवर जास्त बोलायला त्याला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी मोहिनीताईंनी पल्लवीला सराव करायला लावला. तुकडीतल्या बायाच शिकणाऱ्या झाल्या. पल्लवीनं छान सांगितलं. मोठा आवाज, सरळ बोलणं, कुठं अडखळली नाही. ओवीची जागा आली की तिनं लंकाबाईला खूण करायची, असं ठरलं होतं. लंकाबाई बाजूला बसून गायची आणि गप्प व्हायची. पल्लवी बोलायची. पुन्हा खूण. गाताना लंकाबाईचे हात आपोआप पुढं जायचे, दाणे कसे पसरायचे ते दाखवायला. मग तिच्या ध्यानात यायचं, आणि ती ते मांडीवर घेऊन बसायची.

सराव संपला. बाया चहाला खाली उतरल्या. लंकाबाई गच्चीवर गेली. पत्र्याच्या सावलीत नागली सुकत घातली होती, ती बोटांनी परतायची होती. थंडीचं मऊ ऊन पडलं होतं. बोळातून भाजीवाल्यांची ओरड येत होती, मेथीची, कोवळ्या मटाराची. खूप बरं वाटावं अशी ती वेळ होती, आणि तिला खरंच बरं वाटत होतं, फक्त मध्ये कुठंतरी एक खडा होता.

पल्लवी मागून आली आणि तिच्या समोर उकिडवी बसली. तीही नागली परतू लागली.

"मावशी, एक विचारू? रागावू नका."

"बोल की."

"तुमना मनमा काय शे?" रागात आणि मायेत पल्लवीच्या तोंडी अहिराणी यायची. "खरं सांगा, तुमच्या मनात काय आहे? अक्काबाई माझ्याशी कालपासून बोलेना. मीठ मागितलं तर डबा सरकवून तोंड फिरवते. आणि तुम्ही गाताना... तुमचे हात मी बघितले."

"काय नाय पोरी. अक्का अशीच हाय."

"मावशी, मी मार्केटातली मुलगी. आमच्याकडे कांद्याचा लिलाव होतो. ढिगापाशी व्यापारी उभे असतात, ज्याला हवा तो तोंड उघडतो. गप्प उभ्या राहिलेल्याला हवा असेल, असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही माझं नाव घेतलंत, मला वाटलं तुम्हाला नकोय. मला जायला आवडेल, खोटं कशाला बोलू. घरीसुद्धा सांगून बसलेय. पण तुम्हाला हवं असेल आणि तुम्ही गप्प असाल, तर तिथं उभं राहून मी काय शिकवणार?"

लंकाबाईची बोटं दाण्यांवर थांबली. आईच्या ओळीतल्या बाया तिच्या डोळ्यांपुढं आल्या. चिखलात पाय रोवलेल्या, साऱ्या एका पाण्याच्या. त्यांच्यात नाव टाकलं की परत यायचं, कारण परत कसं टाकायचं हे सखूला ठाऊक होतं. त्या रीतीत काही खोटं नव्हतं. पण ती दोघींची रीत होती. ही पोर दुसऱ्या मातीतली. हातात आलेलं तिनं मनापासून धरलं, यात तिचं काय चुकलं? आणि जिला परत टाकता येत नाही, तिच्याकडं बघत जन्मभर वाट पाहायची, हे कुठल्या आवणीत बसतं?

जिन्यावर चपला वाजल्या. मोहिनीताई गच्चीच्या दारात आल्या, एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा पेला. त्यांच्या मागोमाग अक्काबाई, तोंड घट्ट मिटून, जसं काही दातांखाली आण धरून ठेवली आहे.

"इथं आहात होय दोघी! पल्लवी, सराव मस्त झाला. कळवणच्या सेंटरला आता फोन लावतेय, तुझं नाव सांगून टाकते. चालेल ना?"

 पल्लवी लंकाबाईकडे बघत राहिली. अक्काबाईही बघत राहिली. मोहिनीताईंनी फोन कानाला लावला.

लंकाबाई उठली. गुडघ्यांना कळ लागली, तिनं पत्र्याच्या खांबाला धरलं. हाताला चिकटलेली नागली तिनं पदराला पुसली नाही, तशीच राहू दिली.  कान तापले होते, लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर तापायचे तसे.

"ताई, जरा थांबा."

मोहिनीताईंनी फोन खाली घेतला. "काय हो?"

"पल्लवीचं नाव मी घेतलं, ते आमच्याकडच्या रीतीनं घेतलं. ती माझं घेईल म्हणून घेतलं. तिला कसं कळावं?" ती पल्लवीकडं वळली. "पोरी, तुझ्या मनाला लागलं तर मला चार शब्द सुनाव, पण आता बोलल्याबिगर ऱ्हावत नाय. ताई, मला कळवणला जायचंय. तुमी इचारलं तवाच जायचं व्हतं. मला शिकवायचंय."